घर-प्लॉट घेताना कागदाचा काय अनुभव आला? बेळगाव-खानापूर-निपाणीकरांनी लिहा

अनगोळची:
आपल्याकडं कुणी प्लॉट घेतला म्हटलं की सगळे पहिलं विचारतात केवढ्याला घेतला, कशावर घेतला ते कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा. तुमचं जे झालं ते लिहा, फक्त बिल्डरचं, ऑफिसचं, माणसाचं नाव नको. माझ्यापासून सुरू करते.

बाबांनी १९९८ ला वडगावच्या पुढं ३० बाय ४० चा प्लॉट घेतला, १०० रुपयाच्या बाँडवर. नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार, शेतमालकाचा निळा अंगठा. घर बांधलं, लाईट आली, नळ आला, घरपट्टीची पावती पण बाबांच्या नावानं येऊ लागली, मग शंका कशाला येणार. २०१९ ला वर एक मजला चढवायचा म्हणून लोनला गेलो तर मॅनेजरनी बाँड बघितला आणि हळूच परत सरकवला, म्हणाले हे खरेदीपत्र नव्हे, आरटीसीवर (कर्नाटकातला सातबारा) अजून शेतमालकाचंच नाव आहे. शेतमालक तोवर वारलेले, मागं चार मुलगे दोन मुली, त्यातल्या पाच जणांनी सही देतो म्हटलं, धाकट्यानं नाही. आणि तो तयार झाला असता तरी जमीन एन.ए. (बिगरशेती) नाही, लेआउट मंजूर नाही, म्हणजे रजिस्टर होणारच नव्हतं. बाबांनी तो बाँड एवढी वर्षं कपाटात देवाच्या फोटोमागं जपला होता, घड्यांवर फाटला म्हणून सेलोटेप लावलेला. त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. मला अजून तेच आठवतं.

वकिली करतो, टिळकवाडी:
ताई, असे बाँड महिन्याला दोन-तीन तरी बघतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणं १०० रुपये किंवा वरच्या किमतीची स्थावर मिळकत विकायची तर कागद रजिस्टर व्हायलाच पाहिजे. नोटरी फक्त सही कुणी केली एवढं सांगतो, मालकी देत नाही. मुखत्यारपत्रावर केलेल्या विक्रीनं पण मालकी जात नाही हे सुप्रीम कोर्टानं २०११ ला स्पष्ट केलंय. आणि घरपट्टी ही कराची पावती, बास.

शहापूरकर:
आमचं वेगळंच. २०१६ ला जुनं घर घेतलं, तीन भाऊ विकणारे, रीतसर रजिस्टर, ईसी (मिळकतीवरच्या बोजाचा आणि व्यवहारांचा दाखला) काढली ती स्वच्छ. दीड वर्षानं कोर्टाची नोटीस आली. भावांना एक बहीण होती, कोल्हापूरला दिलेली. ‘तिला लग्नात दिलंय की सगळं’ असं ते आम्हाला आधी बोललेले पण, आम्ही मान हलवून सोडलं. तलाठ्याकडच्या वंशवृक्षात तिचं नावच घातलं नव्हतं. मिळकत वडिलोपार्जित, आणि २००५ पासून मुलीला जन्मानंच मुलाएवढा हक्क. बाप तेव्हा हयात पाहिजे असं पण नाही, हे २०२० च्या निकालात आलंय. शेवटी तिला आम्ही पैसे दिले आणि तिच्याकडून रजिस्टर हक्कसोड घेतली. राग तिच्यावर नाही, तिचा हक्कच होता. आता कुणी घर बघायला निघालं की मी आधी विचारतो, बहिणी किती? आत्या किती? सगळ्यांच्या सह्या घ्या, लग्न झालेल्या असोत की नसोत.

निपाणीची सून:
ईसी स्वच्छ म्हणजे सगळं स्वच्छ नाही हे शहापूरकरांच्यावरून कळतंच. ईसीत फक्त रजिस्टर झालेलं दिसतं. बाँड, तोंडी वाटणी, हे त्यात कुठून येणार? शिवाय कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी वेबसाइटवर ऑनलाइन २००४ नंतरचंच निघतं, त्याच्या आधीचं सब-रजिस्ट्रार ऑफिसात अर्ज देऊन काढावं लागतं. आम्ही ३० वर्षांची काढली, त्यात १९९६ चं एक गहाण निघालं.

खानापूर साइड:
शेतजमीन घेणाऱ्यांनी आरटीसीचा ११ नंबरचा कॉलम बघा, हक्क आणि बोजा तिथं असतो, सोसायटीचं कर्ज बिर्ज. आणि ती जमीन सरकारनं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला दिलेली असली तर १९७८ च्या पीटीसीएल कायद्यानं (अशा जमिनींच्या विक्रीला बंदी घालणारा कर्नाटकचा कायदा) सरकारी परवानगीशिवाय विकताच येत नाही, मधे चार हात बदललेले असले तरी परत जाते. माझ्या मामाची दोन एकर अशीच गेली. वाईट वाटलं, पण ज्यांची होती त्यांच्याकडंच गेली.

उद्यमबाग:
फ्लॅटवाल्यांसाठी. बिल्डरनं साध्या पावतीवर ३० टक्के मागितले. रेरा म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्यात रजिस्टर अॅग्रीमेंट केल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही असं बायकोनं शांतपणे सांगितलं, आठवड्यात अॅग्रीमेंट झालं.

कॅम्पातला:
कॅम्पात, म्हणजे बेळगावच्या लष्करी छावणीत, बंगला बघत असाल तर ओल्ड ग्रँट आहे का विचारा. तिथं जमीन सरकारची, आपलं फक्त वरचं बांधकाम.

मच्छेकर:
माझा अनुभव भाषेचा. खरेदीपत्र कन्नडमधलं, आम्हाला बोलता येतं पण वाचायला येत नाही, ऑफिसात गर्दी, रायटर (कागद लिहून देणारा) म्हणाला ‘सही करा, सगळं बरोबर आहे’, केली. सहा वर्षांनी कंपाउंड घालताना शेजारी कागद घेऊन आला. आमच्या चतुःसीमेत पूर्वक्के (पूर्वेला) रस्ता आणि पश्चिमक्के (पश्चिमेला) त्यांची भिंत लिहिलेली, प्रत्यक्षात बरोबर उलटं. म्हणजे कागदावर आमचा प्लॉट त्यांच्या परसात. शेजारी भला माणूस, भांडला नाही. मग तिद्दुपडी पत्र (चूकदुरुस्तीचा कागद) करायचं ठरलं, पण त्याला विकणाऱ्याची सही पाहिजे, आणि ते आजोबा आता मुलाकडं धारवाडला. नशीब हयात होते. गाडी करून आणलं, सब-रजिस्ट्रारकडं जिना चढताना दोन ठिकाणी बसले. ह्यावेळी पुतणीला, कन्नड शाळेत शिकलेली ती, बरोबर नेलं आणि सहीच्या आधी तिच्याकडून एकेक ओळ मोठ्यानं वाचून घेतली. आजोबा पण ऐकत होते, मधेच म्हणाले, ‘माझं तेव्हा कुणी वाचून दाखवलं नव्हतं रे.’

अनगोळची:
मच्छेकर, पुतणीला विचाराल का, बाबांच्या बाँडवर अंगठ्याखाली चार ओळी कन्नडमध्ये आहेत, आम्ही कधी वाचूनच घेतल्या नाहीत. फोटो पाठवते.