मदत हवी आहे: लाटा भूशिर झिजवतात की उपसागर? वहीत दोन्ही लिहिलंय

ओलीवाळू:
नमस्कार मंडळी. भाचीची परवा भूगोलाची तोंडी परीक्षा आहे आणि मावशीला सगळं येतं असा तिचा समज होता. आज दुपारी तो दूर झाला.

तिच्या वहीत एकाच पानावर दोन वाक्यं आहेत. पहिलं: किनाऱ्यावर मऊ आणि कठीण खडक आलटून पालटून असतील तर मऊ खडक लवकर झिजून तिथे उपसागर होतो आणि कठीण खडक भूशिर म्हणून पुढे उरतो. दुसरं: लाटांचा मारा भूशिरावर सर्वांत जास्त, उपसागरात लाटा शांत होतात आणि वाळू साचून पुळण तयार होते. भाचीने विचारलं, "मग झिजतंय नक्की कोण?" मी म्हटलं, दोन्ही. "म्हणजे उपसागरात झीज होते की भर पडते?" मी पाणी प्यायला उठले.

त्यातून दुसरी शंका निघाली. भूशिरांवरच मारा जास्त असेल तर एव्हाना सगळे किनारे पट्टीने आखल्यासारखे सरळ व्हायला हवे होते. का नाही झाले?

आम्ही प्रयोगही केला. पसरट ट्रेच्या एका बाजूला ओली वाळू थापून उतार केला, मधोमध दोन दगड रोवले (हे भूशिर), समोरून पाणी ओतलं आणि लाकडी फूटपट्टी मागेपुढे हलवून लाटा केल्या. गुहा नाही, कमान नाही, काही नाही. दगडांमागची वाळू जागच्या जागी आणि बाकीची सगळी ट्रेच्या डाव्या कोपऱ्यात! चुकलं काय? विकिपीडियाची लिंक कृपया देऊ नये, वाचून झालंय.

खडकपारखी:
ताई, दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. फक्त त्यांच्या मध्ये बराच काळ गेलाय आणि तो वहीत गाळला गेलाय.

सुरुवातीला किनारा साधारण सरळ समजा. सगळीकडे लाटा सारख्याच आदळतात, म्हणून मऊ खडक भराभर मागे सरकतो. हे पहिलं वाक्य. पण तो जसजसा मागे जातो तसतसा किनाऱ्याचा आकार बदलतो, आणि आकार बदलला की लाटांची दिशाही बदलते. खरी मेख इथे आहे.

खोल समुद्रात लाट पुढे सरकते पण पाणी फारसं पुढे जात नाही, ते जागच्या जागी गोल फिरतं. हे फिरणं तरंगलांबीच्या, म्हणजे दोन माथ्यांमधल्या अंतराच्या, साधारण निम्म्या खोलीपर्यंत पोचतं. दोन माथ्यांमध्ये 100 मीटर अंतर असेल तर 50 मीटरपेक्षा उथळ पाण्यात लाटेला तळ लागायला लागतो. तळ लागला की तिचा वेग कमी होतो आणि उंची वाढते. भूशिरासमोर समुद्र आधी उथळ होतो, म्हणून लाटेचा तेवढाच भाग रेंगाळतो आणि बाजूचे भाग पुढे निघतात. हातात हात धरून चाललेल्या रांगेतली मधली माणसं चिखलात रुतली तर दोन्ही टोकं पुढे जाऊन रांग वाकते ना, तसंच. वाकलेली लाट भूशिराला तिन्ही बाजूंनी भिडते. उपसागरात उलट होतं, तेवढीच ताकद लांबलचक किनाऱ्यावर पसरते आणि लाट मवाळ होते. आता तिथे वाळू टिकते, आणि टिकलेली वाळूच मागच्या मऊ खडकाची ढाल होते. हे दुसरं वाक्य.

म्हणजे उपसागर आधी झिजतो, आणि झिजून जो आकार येतो तोच पुढची झीज रोखतो. तोंडी परीक्षेत एवढं सांगितलं तरी पुरे.

नुसताचवाचक:
वाचनखूण साठवली. चिखलातली रांग भारी.

भरतीचंपाणी:
दुसऱ्या शंकेबद्दल. खडकपारखींचं ऐकून असं वाटेल की भूशिर तासलं जाऊन शेवटी किनारा सरळ होणारच. दिशा तीच आहे, पण वेळ कुठे मिळालाय? सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होती. ती आजच्या पातळीच्या आसपास येऊन स्थिरावली त्याला सहा-सात हजार वर्षंच झालीत. खडकाच्या हिशेबात ही काल-परवाची गोष्ट. कठीण ग्रॅनाइटचं टोक एवढ्यात कुठलं हलायला!

दुसरं, भूशिरालाही स्वतःचा ब्रेक असतो. लाट कड्याच्या पायथ्याशी खाच पाडते, वरचा भाग आधार सुटून कोसळतो, कडा मागे जातो आणि पुढे सपाट खडक उरतो, तोच तरंगघर्षित चबुतरा. तो रुंद होत गेला की लाटा त्याच्यावरच फुटतात आणि कड्यापर्यंत दमून पोचतात.

माती असेल तर मात्र ब्रेकबिक काही चालत नाही. इंग्लंडच्या पूर्वेला होल्डरनेसचा किनारा हिमनदीने आणून टाकलेल्या चिकणमातीचा आहे. तो वर्षाला सरासरी दीड-दोन मीटर मागे जातो आणि रोमन काळापासून कितीतरी गावं त्याने गिळली आहेत.

ओलीवाळू:
दोघांचे आभार. भाचीला आकारवाला मुद्दा एकदम पटला. आता तिचा पुढचा प्रश्न: पाण्याने दगड फुटतोच कसा? "मी इतकी वर्षं आंघोळ करतेय, मला कुठे खाच पडली?"

खडकपारखी:
भाचीला माझ्यातर्फे शाबासकी. नुसतं पाणी फार काही करत नाही, काम करते ती हवा. कड्याला भेग असते. लाट आदळली की भेगेतली हवा आत कोंडली जाऊन दाबली जाते, लाट मागे हटली की ती एकदम सुटते. दर काही सेकंदांनी, रात्रंदिवस. भेग रुंदावते, ढलपा सुटतो. मग तेच ढलपे हत्यार होतात. पुढची लाट ते उचलून कड्यावर आपटते आणि कडा घासला जातो. आपटून आपटून दगडही गोल होतात, म्हणून समुद्रातल्या गोट्याला कोपरे नसतात. चुनखडी असेल तर थोडी विरघळतेही.

तुमच्या ट्रेमध्ये गुहा का झाली नाही याचं उत्तर इथेच आहे. वाळूला भेगा नसतात! भेग, मग गुहा, गुहा आरपार गेली की कमान, कमानीचं छत पडलं की सुटा उभा राहिलेला सागरी स्तंभ, आणि तोही पडला की नुसता बुंधा. छत मात्र हळूहळू झिजून नाहीसं होत नाही, एके दिवशी धाडकन पडतं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर चुनखडीची दोन कमानींची लंडन ब्रिज नावाची रचना होती. 15 जानेवारी 1990 ला किनाऱ्याकडची कमान कोसळली आणि दोन पर्यटक समुद्राकडच्या भागावर अडकले, त्यांना हेलिकॉप्टरने उतरवावं लागलं. आता तिला लंडन आर्च म्हणतात.

भरतीचंपाणी:
आणि वाळू डाव्या कोपऱ्यात गेली त्याबद्दल विचारतो, फूटपट्टी सरळ धरली होती का हो?

ओलीवाळू:
आत्ता धरून बघितली. नव्हती! उजव्या हाताने ढकलताना माझं उजवं टोक पुढे जातं. म्हणजे लाटा तिरक्या येत होत्या?

भरतीचंपाणी:
बरोबर. तिरकी लाट वाळूला तिरकी वर ढकलते, पण परतणारं पाणी उताराने सरळ खाली येतं. कण वर जाताना थोडा डावीकडे सरकतो, उतरताना सरळ, पुन्हा वर, पुन्हा सरळ. करवतीच्या दातांसारखा प्रवास. खऱ्या किनाऱ्यावर वाळू अशीच मैलोगणती चालते, आणि किनारा जिथे अचानक वळतो तिथे सरळ पुढे साचत जाऊन वाळूचा दांडा होतो. होल्डरनेसची झिजलेली वाळू दक्षिणेला जाऊन स्पर्न नावाचा असाच लांब दांडा झालाय. दांड्याने उपसागराचं तोंड अडवलं की आत खाजण, म्हणजे अडकलेलं उथळ खारं पाणी. तुमचा प्रयोग फसला नाही ताई, तुम्हाला गुहेऐवजी दांड्याचा धडा मिळाला.

ओलीवाळू:
पुन्हा केला! यावेळी मुद्दाम तिरकी पट्टी, आणि खडूचे बारीक तुकडे वाळूवर टाकले. हुबेहूब करवत! एक निळा तुकडा उजव्या बाजूने निघाला, दगडाशी थोडा अडकला, वळसा घालून पलीकडे गेला. मग भाचीने मध्येच एक पेन्सिल आडवी रोवली, पाण्यापासून वाळूपर्यंत. उजवीकडे वाळूचा ढीग झाला, पण डावीकडची वाळू खाऊन तिथे चक्क खळगा पडला. हे काय आता?

खडकपारखी:
तिने बंधारा बांधला. वाळू अडवली की अडवणाऱ्याची पुळण रुंद होते, पण पुढच्या किनाऱ्याला येणारी रसद तुटते आणि तिथे लाटांना झिजवायला फक्त कडा उरतो. होल्डरनेसलाच मॅपलटन गावाजवळ 1991 मध्ये दगडांचे दोन बंधारे घातले. गाव आणि रस्ता वाचला, दक्षिणेकडचे कडे मात्र आधीपेक्षा वेगाने मागे गेले. आता पेन्सिल काढा, त्याच कोनात लाटा करा आणि उजवीकडचा ढीग खळग्यात उतरायला किती लाटा लागतात ते भाचीला मोजायला सांगा.