जिमचा क्रम गेम ठरवून देत नाही
नांदेडच्या दादा, तुम्ही लिहिलंत की पोकेमॉन स्कार्लेट या व्हिडिओ गेममध्ये कॅस्कराफा शहरातल्या पाणी प्रकारच्या जिमनं (जिम म्हणजे तिथल्या प्रमुखाला हरवून बॅज मिळवायची जागा) तुमची टीम आडवी केली; यात तुमची चूक नाही. २०२२ च्या या गेमचा नकाशा मोकळा, पण जिमची लेव्हल तुमच्यासोबत वाढत नाही. आधी कॉर्टोंडो (लेव्हल १५), आर्टाझोन (१७), लेव्हिन्शिया (२४) उरका, मगच कॅस्कराफा (३०). तिथला जिमप्रमुख कोफू याचा शेवटचा पोकेमॉन क्रॅबॉमिनेबल टेरा होऊन (म्हणजे लढाईत प्रकार बदलून) निव्वळ पाण्याचा बनतो. तिथं गवत किंवा वीज प्रकारचेच पोकेमॉन लागतात. पुढच्या भागात जाऊन जास्त लेव्हलचे पोकेमॉन पकडायची घाई नको: एका बॅजवर फक्त २५ लेव्हलपर्यंत पकडलेलेच हमखास ऐकतात. आणि आपल्याकडचं भारनियमन पाहता ऑटोसेव्ह चालूच ठेवा. हा गेम खरंच सुंदर आहे, सोडू नका.