मावशींचं आणि वॉचमन काकांचं मतदार कार्ड करून द्यायचंय, चौघांचेही फॉर्म ६ भरू ना?

पायरीवरची_मांजर
मंडळी, जरा मार्गदर्शन करा. आमच्या बिल्डिंगमध्ये कामाला येणाऱ्या दोन मावशी, वॉचमन काका आणि काकांचा मुलगा, चौघांपैकी एकाकडेही मतदार कार्ड नाहीये. गेल्या वेळी थोरल्या मावशी रेशन कार्ड घेऊन दीड तास रांगेत उभ्या राहिल्या आणि दारातूनच परत पाठवलं, तेव्हापासून विषय काढला की म्हणतात, "आमच्या मतावाचून कुणाचं अडलंय, ताई." मला ते फार लागलं हो. म्हणून ठरवलंय की या सुट्टीत लॅपटॉप घेऊन बसायचं आणि चौघांचं एकदम उरकून टाकायचं.

आता अडचणी ऐका. थोरल्या मावशींच्या आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, गावाकडे एक कार्ड होतं म्हणतात पण घर बदलताना गेलं. धाकट्या मावशींची खोली भाड्याची, अ‍ॅग्रीमेंट नाही, लाईट बिल मालकाच्या नावावर. काका गेटजवळच्या केबिनमध्येच झोपतात, त्यांना पत्ता असा नाहीच. आणि मुलाला सतरा पूर्ण झालीत. सायबरवाला माणशी ३०० मागतोय. मी स्वतःच निवडणूक आयोगाच्या साईटवरून चौघांचे फॉर्म ६ भरते, बरोबर ना?

खडू_फळा
थांबा थांबा, चौघांचे फॉर्म ६ नको!! मी शाळेत शिकवतो आणि गेली अकरा वर्षं बीएलओची (आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या सरकारी माणसाची) ड्यूटी माझ्या गळ्यात आहे, म्हणून सांगतो, निम्मा घोळ याच फॉर्मने होतो.

फॉर्म ६ फक्त ज्याचं नाव आजवर कुठल्याच यादीत नाही त्याच्यासाठी. त्यात तसं लिहूनही द्यावं लागतं की माझं नाव आधी कुठेच नव्हतं, आणि खोटं लिहिलं तर कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. थोरल्या मावशींचं कार्ड गावाला होतं म्हणताय, म्हणजे नाव बहुतेक तिकडच्या यादीत अजून असेल. आधी ते शोधा. त्यांना लागतो फॉर्म ८. पत्ता बदलणं, नाव दुरुस्त करणं, हरवलेल्या कार्डाच्या जागी नवीन मागणं, सगळं त्या एकाच फॉर्ममध्ये (२०२२ च्या आधी याला वेगवेगळे फॉर्म होते, म्हणून जुने लोक अजून ८अ वगैरे सांगतात, ऐकू नका). गावचं नाव कमी करायला वेगळा फॉर्म ७ भरायची गरज नाही.

धाकट्या मावशींचं आधार इथल्या पत्त्याचं असेल तर विषयच संपला, तेच चालतं. नसेल तर पत्त्याचा दुसरा कुठला कागद जोडायची सोय फॉर्ममध्ये आहे, मग बीएलओ घरी येऊन बघतो. आणि आधार नसलं म्हणून फॉर्म अडत नाही, नंबर देणं सक्तीचं नाही हे आयोगानेच २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलंय. "माझ्याकडे आधार नाही" अशी चौकट फॉर्मातच आहे.

काकांचं थोडं लांबण लावून सांगतो, कारण लोकांना हे माहीतच नसतं. ज्याला घर नाही त्याचंही नाव लागतं, पत्त्याच्या कागदाशिवाय. तो जिथे झोपतो ती जागा फॉर्ममध्ये लिहायची आणि बीएलओने रात्री जाऊन बघायचं की माणूस खरंच तिथे झोपतो का. एका रात्रीत भागत नाही, एकापेक्षा जास्त वेळा जावं लागतं. माझ्या भागात पुलाखाली एक आजोबा होते, पहिल्या रात्री गेलो तर नुसती सतरंजी आणि पितळी तांब्या, आजोबा गायब. दुसऱ्या रात्री अकराला गेलो तर उठून बसले आणि म्हणाले, "मास्तर, पोलीस समजून काल मीच पळालो." तिसऱ्या रात्री मात्र शर्टाची बटणं लावून वाट बघत बसले होते. तुमच्या काकांना सरळ बीएलओकडे घेऊन जा आणि केबिनमध्ये राहतात हे खरं ते सांगा.

मुलाचा फॉर्म ६ आत्ताच भरून ठेवा. सतरा झाली की आगाऊ अर्ज घेतात. पूर्वी फक्त १ जानेवारीला अठरा पूर्ण लागायची, आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, ज्या तारखेला त्याला अठरा पूर्ण असतील तेव्हा नाव लागेल.

बीएलओ कोण ते १९५० या हेल्पलाईन नंबरला फोन करून कळतं. आणि ते ३०० देऊ नका हो, अर्जाला फी नाही, कार्डही पोस्टाने घरी येतं.

तिरकस_तात्या
सर बोलले ते बरोबर, पण मूळ दुखणं वेगळंच आहे. मावशींना परत पाठवलं ते कार्ड नव्हतं म्हणून नव्हे, रेशन कार्ड नेलं म्हणून! यादीत नाव असेल तर मतदार कार्डाऐवजी दुसरे १२ पुरावे चालतात, आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, मनरेगाचं जॉब कार्ड, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, फोटोवाली पेन्शनची कागदं, दिव्यांगांचं कार्ड वगैरे. रेशन कार्ड त्यात नाही. म्हणजे आधार घरी डब्यात आणि मावशी रांगेत, असा प्रकार झालेला दिसतोय.

उलटंही होतं. कार्ड खिशात, यादीत नाव नाही, की घरी जा. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त शेषन साहेबांनी १९९३ ला फोटो ओळखपत्रं सुरू केली त्या काळातलं माझं कार्ड अजून आहे, त्यावर तिरप्या रेघांचा लांबलचक नंबर, आणि मी कौतुकाने ते नाचवत गेलो तर नाव पार दुसऱ्याच शाळेतल्या बूथच्या यादीत निघालं. कार्ड म्हणजे तुम्ही तुम्हीच आहात याचा पुरावा, मताचा हक्क यादीतल्या नावाला.

आणि ती घरपोच येणारी चिठ्ठी, जिच्यावर भाग क्रमांक असतो, तिच्यावर विसंबून जाऊ नका. २०१९ पासून नुसती चिठ्ठी ओळख म्हणून चालत नाही.

लिंबाखालची_बाई
मी आमच्या वस्तीत हे काम केलंय म्हणून दोन गोष्टी. एक, सगळ्यांचे फॉर्म गोळा करून गठ्ठा नेऊन द्यायला जाऊ नका, एकट्याने आणलेला गठ्ठा घेत नाहीत आणि बरोबरच आहे, नाहीतर कुणीही कुणाची नावं घुसवेल. माणूस सोबत न्या नाहीतर त्याच्याच मोबाईलवरून भरा. ओटीपी त्याच्या फोनवर येऊ दे, पुढे ई-कार्ड डाउनलोड करताना तोच नंबर लागतो. तुमचा नंबर टाकलात तर जन्मभर "ताई ओटीपी सांगा" 😄

दोन, आधारचे फोटो ग्रुपवर मागवू नका प्लीज. आमच्याकडे एका उत्साही दादाने सोसायटीच्या ग्रुपवर चाळीस जणांचे आधार टाकायला लावले होते, मला घामच फुटला. बघा, वापरा, डिलीट करा.

बाकी यादीत नाव शोधताना मराठीत शोधा, आणि बाईमाणसाचं शोधताना वडिलांच्या नावानेही आणि नवऱ्याच्या नावानेही शोधा. माझ्या सासूबाईंचं नाव तीन तास सापडेना, शेवटी लक्षात आलं की टायपिंग करणाऱ्याने "शा" चा "षा" केला होता. असल्या किरकोळ फरकामुळे कार्डावर मत नाकारत नाहीत, माणूस तोच आहे हे दिसलं की झालं. पण नावच बदललं असेल, माहेरचं-सासरचं, तर फॉर्म ८ ने एकदा नीट करून घ्या, नंतरची कटकट जाते.

दुपारची_झोप
थोडं अवांतर, ई-कार्ड मोबाईलमध्ये आहे म्हणून खुशीत जाऊ नका, केंद्राच्या १०० मीटरच्या आत मोबाईल चालू ठेवू देत नाहीत. प्रिंट काढून ठेवा. माझी बायको फोनमधलं कार्ड दाखवायला निघाली होती, गेटवरच्या हवालदाराने हसत परत फिरवलं, नशीब पर्समध्ये पॅन होतं.

पायरीवरची_मांजर
@खडू_फळा सर, एक शंका. निवडणूक जाहीर झाल्यावर भरलं तर चालतं का? आणि महापालिकेला वेगळी यादी असते का?

खडू_फळा
जाहीर झाल्यावरही काही दिवस मिळतात, पण उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरतं यादीत कुणाचं नाव घालताही येत नाही आणि काढताही येत नाही. शिवाय आलेल्या अर्जावर हरकतीसाठी आधी सात दिवस द्यावे लागतात. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात येणाऱ्यांना आम्ही फक्त चेहरा पाडून दाखवू शकतो. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतं, पण यादी विधानसभेचीच, ती प्रभागांप्रमाणे फोडून वापरतात. म्हणजे विधानसभेच्या यादीत नाव नाही तर तिथेही नाही.

पायरीवरची_मांजर
अपडेट देते. रविवारी बसलो. थोरल्या मावशींचं नाव गावच्या यादीत सापडलं!! माहेरच्या नावाने नाही की सासरच्या नावाने नाही, घरात हाक मारायच्या नावाने, नवऱ्याच्या नावावरून सापडलं. बायका-पोरं सगळी स्क्रीनवर वाकून बघत होती. फॉर्म ८ भरला, त्यांच्याच फोनवर ओटीपी आला, तो त्यांनी एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला. रेफरन्स नंबर त्यांनी माझ्यावर न सोडता स्वतःच्या हाताने कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलाय. धाकट्या मावशींचं आधार इथलंच निघालं, झालं काम. मुलाचाही भरला. काकांसाठी बीएलओ बाईंना भेटलो, त्या म्हणाल्या रात्री येऊन जाते, तर काकांनी आत्तापासूनच केबिन झाडून ठेवलीय.

एकच अडलंय. थोरल्या मावशी म्हणतात जुन्या कार्डावरचा फोटो अगदी त्यांच्या सासूसारखा आला होता, यावेळी तो नको. फोटो बदलता येतो का?

खडू_फळा
येतो हो. फॉर्म ८ मध्येच, दुरुस्तीच्या रकान्यात फोटोपण आहे. आत्ताचा अर्ज मंजूर झाला की मग भरा. पासपोर्ट साईझ, मागे पांढरा पडदा, आणि सासूबाईंना शेजारी उभं करू नका.