अणुभट्टीचं गणित घरच्या लॅपटॉपवर

"अणुऊर्जेत सगळंच गुप्त, तिथे ओपन सोर्सचं काय काम?" असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात सुरू झालेला ओपनएमसी हा प्रोग्राम अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनच्या (अणू फोडणाऱ्या कणांच्या) प्रवासाचं गणित करतो. तो फुकट मिळतो, आतला कोडही वाचता येतो. राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत तो जुन्या लॅपटॉपवर, लिनक्सवर चालतो.

आधी नैसर्गिक युरेनियमच्या कांड्या साध्या पाण्यात ठेवून पाहिल्या. गुणक (एका पिढीतल्या दर न्यूट्रॉनमागे पुढच्या पिढीत किती न्यूट्रॉन येतात तो आकडा) १ च्या खालीच, म्हणजे अणू फुटण्याची साखळी विझते. मग कांड्यांमधलं अंतर वाढवून जड पाणी (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड प्रकार असतो) भरलं, आणि गुणक १ च्या वर गेला! साधं पाणी स्वतःच न्यूट्रॉन खातं, जड पाणी जवळजवळ खात नाही. गुजरातमधल्या काक्रापारच्या ७०० मेगावॉटच्या नव्या भट्ट्यांत जड पाणी का, आणि साध्या पाण्यावरच्या तारापूरच्या १९६९ च्या दोन भट्ट्यांना समृद्ध युरेनियम (ज्यात सहज फुटणारे अणू वाढवलेले असतात) का लागतं, हे त्या रात्री खरं कळलं (पुस्तकात चारदा वाचलं होतं).

संयंत्राची सुरक्षा यंत्रणा बंदिस्तच राहावी, मान्य. पण भौतिकशास्त्र उघडं असलं, तर जैतापूरच्या प्रस्तावित अणुप्रकल्पावर बोलताना आपण कोल्हापूरकर निदान आकडे समजून बोलू. कुणाला ओपनएमसी बसवून हवं असेल तर सांगा, रविवारी मी मोकळा असतो.