स्पायरोमेट्री नॉर्मल, तरी बाबांना धाप का लागते?

दांडियाबाजारकर
बाबा ६८ वर्षांचे. इन्फ्लुएन्झातून न्यूमोनिया झाला होता, त्याला तीन महिने होत आले. ताप-खोकला गेला, पण जिन्यात मध्येच कठडा धरून उभे राहतात. कमाटीबागेत पूर्वी पूर्ण फेरी मारायचे, आता फुलांच्या घड्याळापाशीच बसतात. स्पायरोमेट्री नॉर्मल, ऑक्सिमीटरवर ९७. नातेवाईक म्हणतात, वय झालं. मला ते पटत नाही. आणखी काय तपासून घेऊ?

पीएफटीवाली
पटवून घेऊही नका. बडोद्यातच पीएफटी (फुफ्फुसांच्या क्षमतेच्या तपासण्या) लॅबमध्ये काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

रिपोर्ट खोटा नाही. पण स्पायरोमेट्रीत हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते तेवढंच कळतं. विषाणूच्या न्यूमोनियानंतर अडचण बरेचदा त्याच्या पुढे असते, वायुकोशांतून ऑक्सिजन रक्तात उतरण्यात. त्यासाठी डीएलसीओ, म्हणजे वायू रक्तात किती उतरतो ते मोजणारी तपासणी, करतात. किंचित कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा खोल आत घेऊन साधारण १० सेकंद धरायची. दम लागणाऱ्याला ते दहा सेकंद फार जड जातात, पहिला प्रयत्न फुकट गेला तर बाबांना धीर द्या, मध्ये विश्रांती देऊन पुन्हा करतात. हिमोग्लोबिनचा ताजा रिपोर्ट सोबत न्या. रक्त कमी असेल तर डीएलसीओही कमी येतो, तो हिशेब धरावा लागतो.

आणि ते ९७ बसल्या जागचं ना? चालल्यावर किती राहतं ते बघायला हवं. सहा मिनिटं चालण्याची टेस्ट मागून घ्या: ३० मीटरचा सपाट पॅसेज, आपल्या चालीनं, लागलं तर थांबायची मुभा. अंतर मोजतोच, पण माझी नजर आधी बोटावरच्या आकड्यावर असते. तो ४ किंवा जास्त उतरला की मी डॉक्टरांना तिथंच बोलावते. पुढे सीटी लागेल का ते छातीचे डॉक्टर ठरवतील.

मांडवीकर
टू-डी इकोही (हृदयाची सोनोग्राफी) विचारा. आईच्या डॉक्टरांनी सोबतच करायला लावली आणि हृदयाचं पंपिंग कमी निघालं. औषध सुरू झाल्यावर धाप उतरली.

दांडियाबाजारकर
डीएलसीओ कुणीच सुचवली नव्हती. उद्याच अपॉइंटमेंट घेते. तोवर जिना चढल्यावर घरी मोजू का?

पीएफटीवाली
मोजा, पण मुद्दाम चढायला लावू नका. हात गार असतील तर आधी चोळून गरम करा, आकडा स्थिरावेपर्यंत थांबा आणि वेळेसकट लिहून ठेवा. बसल्या बसल्या ९२च्या खाली गेला, छातीत दुखलं किंवा ओठ निळसर दिसले तर अपॉइंटमेंटची वाट न बघता इमर्जन्सीत न्या.