वर्तनवाद मेला म्हणता? मग प्रेत दाखवा

खडूस मास्तर

मानसशास्त्राचं कुठलंही क्रमिक पुस्तक उघडा, सुरुवातीलाच वंशावळ असते. १८७९ला वुंटनं लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, मग रचनावाद, कार्यवाद, मनोविश्लेषण, वर्तनवाद, समष्टिवाद, मानवतावाद आणि १९५६च्या सुमारास बोधनिक क्रांती झाली (म्हणजे मनातल्या प्रक्रिया पुन्हा अभ्यासात आल्या), वर्तनवाद (मनात काय चाललंय ते सोडा, दिसणारं वागणंच अभ्यासा म्हणणारा) गेला. पेशवाई शिकवावी तसं: एक गादीवरून उतरला की दुसरा बसला. परीक्षेत टिपा लिहायला सोयीचं आहे, पण खरं नाही. माझं म्हणणं असं की या सगळ्या घराण्यांत हातात धरून वापरता येतील अशी हत्यारं फक्त वर्तनवादानं दिली. ती आजही रोज चालतात, वरचं नाव तेवढं खरवडून टाकलंय.

मुळात वर्तनवाद आला का? रचनावादी टिचनर अमेरिकेत कॉर्नेलमध्ये सांगायचा की प्रत्येक विचारासोबत मनात काहीतरी प्रतिमा असतेच. तिकडे जर्मनीत वुर्झबर्गला क्यूल्पेची मंडळी सांगत की आम्हाला बिनप्रतिमेचेही विचार येतात. निकाल लावायचा कसा? टिचनरचं म्हणणं, तुमचं अंतर्निरीक्षणच, म्हणजे स्वतःच्या मनात डोकावणंच, कच्चं आहे. म्हणजे माझ्या डोक्यात दिसलं ते शास्त्र आणि तुमच्या डोक्यात दिसला तो तुमचा दोष! १९१३ साली वर्तनवाद सुरू करणाऱ्या वॉटसननं नेमकं यावरच बोट ठेवलं. भौतिकशास्त्रात प्रयोग जुळला नाही तर दोष उपकरणांना किंवा परिस्थितीला देतात, आमच्याकडे निरीक्षकाला देतात, हे बंद करा; चारचौघांना दिसेल, मोजता येईल, त्यावर बोला.

वॉटसन माणूस म्हणून कसा होता ते सोडा. लहानग्या अल्बर्टला त्यानं १९२०मध्ये पांढऱ्या उंदराची भीती घातली आणि ती काढलीही नाही. आज कुठलीच नीतिसमिती हे होऊ देणार नाही. पण पुढचं कुणी वाचतच नाही. १९२४मध्ये मेरी कव्हर जोन्सनं पीटर नावाच्या दोन वर्षं दहा महिन्यांच्या मुलाची सशाची भीती घालवली. कशी? त्याला उंच खुर्चीत बसवून आवडीचं खायला द्यायचं आणि पिंजऱ्यातला ससा त्याच्या खाण्यात अडथळा येणार नाही इतपतच जवळ आणायचा. मग दर खेपेला थोडा आणखी. शेवटी पोरगं सशाला आपली बोटं कुरतडू द्यायला लागलं. आता १९०९चा फ्रॉइडचा लहानगा हान्स घ्या. तो घोड्याला घाबरायचा. फ्रॉइडनं त्या उपचारांत पोराला एकदाच बघितलं, बाकी सगळं बापाच्या पत्रांवरून, आणि निष्कर्ष काय, तर घोडा म्हणजे बाप. तुमच्या मुलाला कुत्र्याची भीती वाटत असेल तर कुणाकडे न्याल?

आज भीतीवर, मंत्रचळावर (त्याच त्या विचारांत-कृतींत अडकण्यावर) जे उपचार चालतात त्यांत भीतीच्या गोष्टीला पायरीपायरीनं सामोरं जायला लावतात. ते जोन्सबाईंचंच आहे. आणि हातातला फोन? दर टोचीला दाणा मिळणारं कबुतर दाणे बंद झाले की लवकर थांबतं. कधी पाचव्या टोचीला, कधी पन्नासाव्या टोचीला दाणा मिळाला तर टोचत राहतं. कबुतरांवर हे प्रयोग करणाऱ्या स्किनरनं, वॉटसननंतरच्या बड्या वर्तनवाद्यानं, हे जुगाराच्या यंत्राशी तेव्हाच जोडलं होतं. तुम्ही दर पाच मिनिटांनी लाइक मोजता, ते काय आहे?

या आता.

रेवा

मास्तर, काडी छान टाकलीत. पण हत्यार चालतं म्हणून सिद्धांत बरोबर, हे कुठलं तर्कशास्त्र?

वर्तनवादाला आतून सुरुंग लागला तो १९३०मध्ये, बर्कलीत. टोलमन आणि हॉन्झिक यांनी उंदरांचे तीन गट चक्रव्यूहात सोडले. एकाला शेवटी रोज खाणं, एकाला कधीच नाही, तिसऱ्याला अकराव्या दिवसापासून. दहा दिवस तिसरा गट नुसता भटकत होता, चुकत होता. अकराव्या दिवशी खाणं मिळालं आणि बाराव्या दिवशी या उंदरांच्या चुका रोज खाणाऱ्यांइतक्याच कमी झाल्या. एका बक्षिसात? नाही हो. रस्ता आधीच शिकून झाला होता, दाखवायला कारण नव्हतं इतकंच. मग ते शिकणं दहा दिवस होतं कुठे? वागण्यात तर नव्हतं. टोलमन स्वतःला वर्तनवादीच म्हणवायचा, तरीही त्याला 'बोधनिक नकाशा' म्हणावं लागलं.

आणि स्किनरच्या शिष्यांचंच ऐका. ब्रेलँड पतिपत्नी जाहिराती नि जत्रांसाठी प्राणी शिकवण्याचा धंदा करायचे. एका रकूनला त्यांनी नाणं उचलून डब्यात टाकायला शिकवलं. एक नाणं असेतो कसंबसं जमलं. दोन दिल्यावर पठ्ठ्या नाणी एकमेकांवर घासत बसला. डब्यात बुडवायचा, बाहेर काढायचा, परत घासायचा. खाणं रोखून धरलं तर कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेलं. रकून खेकडे, झिंगे असेच चोळून खातो. शेवटी तो खेळ गुंडाळावा लागला. १९६१च्या त्यांच्या लेखात हे सगळं आहे, आणि लेखाचं शीर्षक गुरुजींच्या १९३८च्या ग्रंथाची थट्टा करणारं आहे.

भाषेबद्दल भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीनं १९५९मध्ये, बक्षिसांच्या हिशेबानं भाषा समजावणाऱ्या स्किनरच्या पुस्तकाची सालं काढली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझी भाची दोन वर्षांची असताना 'मी करलं' म्हणायची. घरात तसं कुणी बोलत नाही, आणि त्याबद्दल तिला खाऊ मिळाल्याचं मला तरी आठवत नाही.

खडूस मास्तर

रेवाताई, रकूननं स्किनरला अडचणीत आणलं हे कबूल, पण त्यानं बोधनिकवाल्यांचं काय भलं केलं? तो घासत बसला ते उपजत सवयीनं, मनात नकाशा काढून नव्हे. तो मुद्दा जीवशास्त्राच्या खात्यात जमा करा.

चॉम्स्कीचं परीक्षण अनेकांनी वाचलं, स्किनरचं पुस्तक किती जणांनी? मॅककॉर्कोडेलनं १९७०मध्ये दाखवून दिलं की त्यातला बराचसा मारा स्किनरनं न मांडलेल्या गोष्टींवर आहे, इतर वर्तनवाद्यांचं ओझं त्याच्या डोक्यावर टाकलंय. अर्थात स्किनरनं स्वतः उत्तर दिलं नाही, हा त्याचा माज.

आता १९९७चा शुल्त्झ, डायन, माँटेग्यू यांचा लेख बघा. माकडाला अनपेक्षित रस मिळाला की मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशी उसळतात. रसाआधी दर वेळी दिवा लावला तर काही दिवसांनी त्या दिव्याला उसळतात, रसाला नाही. दिवा लागूनही रस आला नाही, तर ठरल्या क्षणी गप्प होतात. हे गणित रेस्कोर्ला आणि वॅगनर यांच्या १९७२च्या समीकरणाच्या कुळातलं (अपेक्षा आणि मिळालेलं यातल्या फरकावरून शिकणं मोजणारं), आणि ते समीकरण आलं अभिसंधानाच्या, म्हणजे घंटा नि खाणं अशी जोडी लावून शिकवण्याच्या, प्रयोगांतून. यंत्राला गो हा पटावरचा खेळ खेळायला शिकवलं तेही बक्षीस देऊनच. मेलेला माणूस बराच फिरतोय की!

गंधाली

मी विशेष मुलांच्या शाळेत शिकवते. मास्तरांची हत्यारं आमच्याकडे कपाटभर आहेत, म्हणून मधे पडते.

स्वमग्न मुलांसाठी जी वर्तन-उपचार पद्धत सर्रास सांगितली जाते, तिचा मोठा आधार म्हणजे लोवासचा १९८७चा अभ्यास. १९ मुलं, आठवड्याला सुमारे ४० तास एकास एक शिकवणी, आणि त्यातली ९ सर्वसाधारण शाळेत जाऊ लागली. हे आकडे पालकांना तोंडपाठ असतात. त्यांना जे सांगितलं जात नाही ते असं की मुलांची गटवाटणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, आणि उपचारात जोरात 'नाही' म्हणून ओरडणं आणि क्वचित मांडीवर चापट मारणं हेही होतं. ज्यांच्यावर लहानपणी असे उपचार झाले अशी मोठी झालेली स्वमग्न माणसं आज त्याबद्दल लिहितायत आणि ते वाचून झोप उडते. डोळ्यांत बघ, मग गोड गोळी मिळेल. पोरं बघायला शिकतात. आत काय चाललंय हे विचारायचंच नाही, असा ज्या शास्त्राचा दंडक, त्याला हा त्रास मोजता कसा येणार?

दुसरी गोष्ट, बक्षिसाची. १९७३मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतली चित्रं काढायची आवड असलेली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. मिळालं. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात बघितलं तर हीच मुलं इतरांच्या निम्मा वेळच रंगांकडे वळत होती. वर्गात रोज बघते मी हे. स्टिकरची पट्टी संपली की एक मुलगा हातातला खडू ठेवतो, टोपण लावतो डबीला, आणि माझ्याकडे बघत बसतो.

अडगळीतला

फ्रॉइडला शिव्या घातल्याशिवाय मानसशास्त्राचा धागा पुरा होत नाही असं दिसतंय. :)

हान्सचं प्रकरण हास्यास्पद आहे, मान्य. पण मास्तर, त्याआधी वेड्यांच्या इस्पितळात बाईचं ऐकून कोण घेत होतं? बर्टा पापनहाइमनं १८८०-८२च्या काळात फ्रॉइडचा जुना सहकारी डॉक्टर ब्रॉयर याच्याजवळ तासन्‌तास बोलून त्या बोलण्यालाच उपचाराचं नाव दिलं. आज समुपदेशक समोर बसून पाऊण तास ऐकतो ती प्रथा तिथून आली, कबुतराच्या पेटीतून नव्हे.

आणि 'फ्रॉइड तपासताच येत नाही' हे तत्त्वज्ञ पॉपरचं वाक्य सगळे फेकतात. आरन बेक स्वतः मनोविश्लेषक होता. खिन्नता म्हणजे आत वळलेला राग, हे फ्रॉइडचं म्हणणं तपासायला त्यानं रुग्णांची स्वप्नं गोळा केली. राग सापडला नाही, हरल्याची आणि गमावल्याची स्वप्नं सापडली. त्यातून पुढे त्याची उपचारपद्धती उभी राहिली. म्हणजे फ्रॉइड तपासता आला आणि चुकीचा निघाला. अल्बर्ट एलिसही मनोविश्लेषण सोडून आलेला. त्याची विवेकनिष्ठ पद्धत आज मराठीतल्या निम्म्या समुपदेशनाचा कणा आहे. तुमची हत्यारं गोदामात होती, पण दुकान ज्यांनी उघडलं ते फ्रॉइडच्या घरातून भांडून निघालेले.

आपल्याकडेही बघा. कोलकात्यात गिरींद्रशेखर बोसांनी १९२२मध्ये मनोविश्लेषण संस्था काढली, फ्रॉइडशी पत्रव्यवहार केला आणि इडिपसवरून (मुलाला आईची ओढ नि बापाचा हेवा, या फ्रॉइडच्या कल्पनेवरून) त्याच्याशी मतभेदही कळवले. वर्तनवाद्यांशी असं भांडायला आपल्याकडून कोण गेलं?

तिरफळ

बर्टाबाईंचं उरलेलं पण सांगा की राव. ब्रॉयरनं १८९५च्या पुस्तकात ती बरी झाल्याचं लिहिलं. प्रत्यक्षात उपचार संपले त्याच उन्हाळ्यात तिला क्रॉइत्सलिंगेनच्या आरोग्यधामात ठेवावं लागलं. पुढे ती खरंच खंबीर झाली, १९०४मध्ये ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली. ते बोलून झाली की काम करून, हे तुम्हीच ठरवा.

जुनं पान

सगळे 'कोण बरोबर' यावर भांडतायत. घराणी वादात हरून संपतात हे कुणी सांगितलं? समष्टिवाद्यांना (तुकड्यांपेक्षा अख्खं आधी दिसतं म्हणणाऱ्या वर्टहायमर, कोलर, कोफ्का यांना) कुणी हरवलं नाही. १९१२मध्ये वर्टहायमरनं स्थिर रेघा आलटूनपालटून दाखवून हलण्याचा भास मोजला. कोलरनं तेनेरिफे बेटावर सुलतान नावाच्या चिंपांझीला एका बांबूत दुसरा बांबू खुपसून केळं ओढताना पाहिलं. मग १९३३ आलं, जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. वर्टहायमर न्यूयॉर्कला निघून गेला. कोलर ज्यू नव्हता, तरी त्यानं ज्यू प्राध्यापकांच्या हकालपट्टीविरुद्ध एप्रिल १९३३मध्ये बर्लिनच्या वर्तमानपत्रात उघड लेख लिहिला, आणि १९३५ला तोही गेला. अमेरिकेत तो स्वार्थमोरला आणि कोफ्का स्मिथ कॉलेजात, म्हणजे जिथे पीएच.डी.चे विद्यार्थी नव्हते अशा ठिकाणी. शिष्यच नाहीत तर परंपरा कसली? उलट स्किनर हार्वर्डला. तेव्हा मास्तर, तुमची हत्यारं टिकली त्यात हत्यारांचा गुण किती आणि पत्त्याचा किती, तेही मोजा.

रेवा

जुनं पान, +१.

मास्तर, माकडाचा दाखला देऊन तुम्ही आमचंच काम केलंत. 'ठरल्या क्षणी' पेशी गप्प होतात, म्हणालात. तो क्षण ठरवला कुणी? त्या वेळी बाहेर तर काहीच घडत नाही, दिवा नाही, रस नाही. माकडाच्या आत काहीतरी वाट बघतंय. वॉटसननं ज्या गोष्टीला दाराबाहेर ठेवलं तीच तुम्ही समीकरणात घालून परत आणताय आणि विजय आपल्या नावावर लावताय.

खडूस मास्तर

आतलं काही नाहीच असं स्किनर कधी म्हणाला नाही. विचारही वर्तनच, फक्त खाजगी, असं तो म्हणायचा. नाही म्हणणारा वॉटसन. त्या 'वाट बघण्या'ला आज आकडा आहे, आणि तो माकडाला विचारून मिळालेला नाही. टिचनरकडे परत जायचं नसेल तर यापलीकडे काय मागता?

जुनं पान यांचा मुद्दा मात्र विचारात पाडणारा आहे.

गंधालीताई, एक सरळ प्रश्न. स्टिकर बंद केलेत का?

गंधाली

नाही केले. दात घासणं, रस्ता ओलांडायच्या आधी थांबणं, संडासला जायचं हातानं खुणावणं, याला देते. सहा-सात आठवड्यांत एक गोष्ट बसते, मग हळूहळू काढून घेते. तिथे तुमचा स्किनर चालतो, वाद नाही. चित्राला, गाण्याला देत नाही.

आणि स्वमग्न मुलांचं हात फडफडवणं थांबवायला तर मुळीच नाही. गेल्या वर्षी एका आजोबांनी त्यासाठी घरून चॉकलेटचा डबा पाठवला होता. मी विचारलं, नातवानं हात हलवले तर अडतं कुणाचं? म्हणाले, लग्नाकार्यात लोक बघतात.

आता हे वर्तन कुणाचं बदलायचं, हे तुमच्या कुठल्या समीकरणात येतं ते सांगा.