मदत हवी आहे: किंमतकपात आणि स्लिम मॉडेल, दोन्हींचा विक्रीवरचा परिणाम वेगळा कसा काढायचा?

आकडेबाज: जरा लवकर सांगा. पीएस३ (सोनीचं गेमिंग यंत्र, प्लेस्टेशन ३) च्या मासिक विक्रीवर दोन डमी (बदलाआधी ०, नंतर १ असे रकाने) लावलेत, एक किंमतकपातीचा, एक स्लिमचा, म्हणजे त्याच यंत्राच्या सडपातळ आवृत्तीचा. सॉफ्टवेअर दुसरा डमी परस्पर उडवतंय. डेटा तीनदा तपासला.

चिपसेट: कुठल्या देशाचा? कुठपासून कुठपर्यंत? आणि विक्री म्हणजे गिऱ्हाइकाने नेलेली की कंपनीने दुकानांना पाठवलेली? नवं मॉडेल यायच्या आधी दुकानदार जुना माल संपवतात, नवा उचलत नाहीत. पाठवणीचे आकडे असतील तर मागणी हलली नाही तरी आधी खड्डा, मग उंचवटा दिसतो.

आकडेबाज: अमेरिका, २००९, गिऱ्हाइकाने नेलेली. दोन्ही डमी सप्टेंबरपासून १.

चिपसेट: मग उडणारच, दोन्ही रकाने हुबेहूब एक आहेत! कपात १८ ऑगस्टला जाहीर झाली, ३९९ चे २९९ डॉलर, आणि जुन्या ८० जीबीलाही लागली. स्लिम सप्टेंबरच्या सुरुवातीला आला. साप्ताहिक डेटा मिळाला तरी मधले दोन आठवडे स्वच्छ नाहीत. स्लिम येतोय हे कळल्यावर कितीतरी लोक थांबले असणार.

हिरवा_बटण: एकट्या पीएस३ वर हे सुटणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० ची स्लिम आवृत्ती, ३६० एस घ्या. जून २०१०, किंमत तीच २९९, फक्त यंत्र नवं.

चिपसेट: तीच कशी? त्याच वेळी ३६० ची जुनी मॉडेल्स, एलिट २४९ वर आणि आर्केड १४९ वर उतरला. ती कपातच आहे.

हिरवा_बटण: एस ची विक्री वेगळी काढा ना.

चिपसेट: मासिक आकड्यांत मॉडेलवार फोड असेल तर काढतील.

जुनापॅड: जुना ३६० घेणार असाल तर मागच्या बाजूला वीजजोडणीपाशी १२.१ अँपिअर छापलंय का बघा. तो जास्पर, म्हणजे आतला नव्या पिढीचा मुख्य बोर्ड. १४.२ म्हणजे फाल्कन, १६.५ असेल तर त्याहून जुना, जास्त तापणारा.

आकडेबाज: मला काही घ्यायचं नाहीये!

चिपसेट: पण मुद्दा कामाचा आहे. जास्परने वीज वाचली, पण बाहेरून पेटी तीच. डमी गिऱ्हाइकाला दिसणाऱ्या बदलालाच लावा.

दोनपडदे: निव्वळ कपात हवी तर निन्टेंडोचं हातातलं गेमिंग यंत्र, थ्रीडीएस. ऑगस्ट २०११, २४९.९९ वरून १६९.९९ डॉलर, यंत्र जसंच्या तसं. ऑक्टोबरपर्यंतच मोजा. नोव्हेंबरात सुपर मारिओ थ्रीडी लँड हा गेम आला, डिसेंबरात मारिओ कार्ट ७, ती वाढ कपातीच्या नावावर लावू नका. उलट बाजूला, निव्वळ नवं यंत्र हवं तर, स्लिम पीएस२: नोव्हेंबर २००४, किंमत मे महिन्यापासून १४९ वरच.

हिरवा_बटण: नोव्हेंबर सणाचा महिना, शिवाय ऑक्टोबरअखेर सॅन अँड्रियास हा गाजलेला गेम आलेला. तो आकडा काय कामाचा?

दोनपडदे: आधीच्या दोन वर्षांत ऑक्टोबर ते नोव्हेंबर किती पट वाढ झाली ते काढून ताडा. सॅन अँड्रियासचा वाटा उरेलच, म्हणून येणारा आकडा कमाल मर्यादा धरा.

चिपसेट: आणखी एक. अमेरिकी किरकोळ विक्रीच्या दिनदर्शिकेत सप्टेंबर पाच आठवड्यांचा, ऑगस्ट चारांचा. सरासरी साप्ताहिक विक्री काढली नाही तर कपातीशिवायच पाव भाग वाढ दिसेल. किंमतही डमीने नको, लॉगमध्ये (लॉगॅरिदम काढून) घाला. ३९९ वरचे शंभर डॉलर आणि १९९ वरचे शंभर सारखे नसतात.

आकडेबाज: आठवड्यांनी भागलंच नव्हतं. आता भागतो. पीएस२ चे २००२ पासूनचे मासिक आकडे कुणाकडे आहेत का?